सवय कुणाच्या मालकीची?

२०१२ सालच्या ऑक्टोबरात जगभरातल्या बऱ्याच लोकांना एक विचित्र प्रश्न पडला होता: हा कॉम्प्युटर बंद कसा करायचा? विंडोज ८ नुकतंच बाजारात आलं होतं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण गायब झालं होतं. कॉम्प्युटर बंद करायचा तर माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, बाजूने सरकत येणाऱ्या पट्टीवर ‘सेटिंग्ज’ निवडायचं, मग ‘पॉवर’, मग ‘शट डाउन’. ती पट्टी आधीपासून पडद्यावर दिसत नव्हती. ती तिथे आहे हे कुणीतरी सांगावं लागायचं.

मी तेव्हा दहावीत होतो. मला ते रंगीत चौकोन भारी वाटले होते आणि तक्रार करणाऱ्यांविषयी माझं मत एका शब्दात संपायचं: म्हातारे! पुढे इंजिनिअरिंग झालं, मी स्वतः लोकांच्या रोजच्या वापराचं सॉफ्टवेअर लिहायला लागलो आणि तशाच तक्रारी माझ्या इनबॉक्समध्ये येऊ लागल्या. तेव्हापासून मला विंडोज ८ची गोष्ट वेगळी दिसते.

आधी मायक्रोसॉफ्टची बाजू. २०१० मध्ये आयपॅड आला होता, लोक बोटांनी पडदा सरकवायला शिकले होते, आणि एकच विंडोज कॉम्प्युटरवरही चालावं, टॅब्लेटवरही चालावं, असं कंपनीला वाटत होतं. शिवाय त्यांच्याकडे वापराची आकडेवारी होती. विस्टाच्या मानाने विंडोज ७ मध्ये लोक स्टार्ट मेनू कमी वेळा उघडत होते, कारण आवडते प्रोग्रॅम खालच्या टास्कबारवर चिकटवून ठेवायची सोय झाली होती. म्हणजे निर्णय लहरीपणाचा नव्हता. लोक मेनूपासून दूर चाललेच आहेत, आपण एक पाऊल पुढे टाकू, असा तो हिशोब होता.

लोकांनी तो मानला नाही. स्टार्ट मेनू परत आणून देणारी छोटी सॉफ्टवेअर्स लोक शोधू लागले. ‘क्लासिक शेल’ फुकट होतं, ‘स्टार्ट८’ला पाच डॉलर पडायचे. म्हणजे नव्या विंडोजचे पैसे मोजून झाल्यावर त्यातली जुनी गोष्ट परत मिळवायला माणसं आणखी पैसे मोजत होती. वर्षभराने, २०१३च्या ऑक्टोबरात, विंडोज ८.१ मध्ये बटण परतलं. पण ते दाबलं की तेच रंगीत चौकोन उघडायचे! खरा मेनू यायला २०१५चं विंडोज १० उजाडावं लागलं.

या सगळ्यावर आमच्या धंद्यात एक ठरलेलं वाक्य आहे: लोकांना बदल आवडत नाही. त्याला शास्त्रीय आधारही आहे. १९८८ मध्ये विल्यम सॅम्युअलसन आणि रिचर्ड झेकहाउझर या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की निवड समोर ठेवली तरी माणसं चालू आहे त्यालाच गरजेपेक्षा जास्त चिकटून राहतात. त्याला ‘स्टेटस क्वो बायस’ म्हणतात. आणि हेही खरं की २०१२ मध्ये ज्या स्टार्ट बटणासाठी गळे काढले गेले, ते १९९५ मध्ये स्वतःच नवखं होतं. त्यामुळे आम्ही इंजिनिअर लोक पहिल्या आठवड्यातला आरडाओरडा फारसा मनावर घेत नाही. सहा आठवडे थांबायचं, तक्रारींचा आलेख खाली येतो. मग म्हणायचं, झाली सवय.

मीही असंच म्हणालो होतो.

मी पुण्यातल्या ज्या कंपनीत होतो, तिथे औषधांच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनायचं. जुनं सॉफ्टवेअर दिसायला भयंकर होतं. निळी पाटी, पांढरी अक्षरं, सगळा कारभार कीबोर्डवर. एफ-२ दाबलं की नवं बिल, औषधाची पहिली तीन अक्षरं, एंटर, नग, एंटर. आम्ही ते काढून ब्राउझरमध्ये चालणारं, माउसने वापरायचं, स्वच्छ पांढरं नवं रूप दिलं. मी त्या टीममध्ये होतो, बिलाची स्क्रीन माझी होती आणि मला तिचा अभिमान होता. फोन आले, शिव्याही आल्या. सहा आठवड्यांनी फोन थांबले. मीटिंगमध्ये मीच तो उतरता आलेख दाखवला.

त्यानंतर एका प्रिंटरच्या भानगडीसाठी मला जयसिंगपूरच्या बाजूला एका दुकानात जावं लागलं. दुकानदार पन्नाशीचे, पंचवीस वर्षं त्याच गल्ल्यामागे उभे असलेले. प्रिंटर तासाभरात सुरू झाला, पण बस संध्याकाळी होती, म्हणून मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो. ते माझ्या स्क्रीनवर बिल करत होते. माउस पकडायचा, औषध शोधायचं, यादीतून नेमकं निवडायचं, नगाच्या चौकटीत क्लिक. जमत होतं, चुकत नव्हते. मी जरा खुशीत विचारलं, “काका, आता झाली ना सवय?”

“झाली की,” ते म्हणाले. “उजवा हात मोडला तर माणूस डाव्या हातानं जेवायला शिकतंयच की साहेब.”

मी हसलो. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने स्वतःहूनच बोलले. पूर्वी बोटं आपोआप चालायची, म्हणून डोळे गिऱ्हाइकाकडे असायचे. म्हातारा माणूस चिठ्ठी घेऊन आला की बिल करता करता त्याच्याशी बोलणं व्हायचं. मागच्या गोळ्या संपल्या का? ही जेवणाआधी घ्यायची, ती जेवणानंतर, कळलं का? चेहऱ्यावरून समजायचं, कळलंय की नुसती मान हलवतोय. “आता मी ह्याच्याकडं बघत असतो,” त्यांनी मॉनिटरवर बोट टेकवलं. “गिऱ्हाईक कवा आलं, कवा गेलं, पत्त्या नसतो.”

माझ्या आलेखात याला जागाच नव्हती. एका बिलाला किती सेकंद लागतात हे आम्ही मोजत होतो, आणि नव्या स्क्रीनवर ते जेमतेम वाढले होते. त्या सेकंदांमध्ये माणूस कुठे बघतो, हे कुणी मोजलं नव्हतं.

मॉरिस मेर्लो-पॉन्ती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ सालच्या आपल्या पुस्तकात अंध माणसाच्या काठीचं उदाहरण दिलं आहे. काठी हातात मुरली की माणसाला काठी जाणवत नाही, काठीच्या टोकाला लागलेला रस्ता जाणवतो. काठी वस्तू राहत नाही, शरीराचा भाग होते. चांगल्या मुरलेल्या सवयीचं हेच काम असतं. ती आपल्याला साधनाच्या पलीकडे पोचवते. आता त्या माणसाची काठी रातोरात बदलली तर काय होईल? नवी कदाचित हलकी असेल, जास्त मजबूत असेल. पण काही दिवस त्याला रस्त्याऐवजी काठीच जाणवत राहील. दुकानदारांना गिऱ्हाइकाऐवजी माझी स्क्रीन दिसत होती, ती अशी.

मग प्रश्न येतो, ही सवय कुणाची? सॉफ्टवेअर कंपनीचं. आपण ‘आय अ‍ॅग्री’ दाबतो तेव्हा आपल्याला मिळतो तो वापराचा परवाना, मालकी नाही. पण त्या दुकानदारांच्या बोटांत मुरलेली वीस-पंचवीस वर्षं कंपनीने दिली नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या वेळेतून, चुका करत करत कमावली होती. सतराव्या शतकातला इंग्रज विचारवंत जॉन लॉक म्हणायचा की जी गोष्ट कुणाची नाही, तिच्यात माणसाने आपले कष्ट मिसळले की ती त्याची होते. इथे पेच असा आहे की कष्ट मिसळलेत ते दुसऱ्याच्या मालकीच्या गोष्टीत. भाड्याच्या घराच्या परसात लावलेल्या कढीपत्त्यासारखं. घर पाडायचा हक्क मालकाला असेलही, पण झाड गेलं त्याचं काहीच झालं नाही असं त्याला म्हणता येणार नाही.

आम्ही मात्र नेमकं तेच म्हणतो. आणि ‘सवय होईल’ या वाक्यात खरी लबाडी आहे ती इथे. ते भाकीत म्हणून बहुतेक वेळा खरं ठरतं. पण माणसाला सवय कशाचीही होते, चांगल्याची तशी वाईटाचीही. त्यामुळे सवय झाली यावरून बदल चांगला होता हे सिद्ध होत नाही. ज्याच्या दुकानाचा सगळा हिशोब त्याच सॉफ्टवेअरमध्ये अडकलाय, त्याच्यापुढे सवय करून घेण्यावाचून दुसरा रस्ताच नसतो. फोन थांबले याचा अर्थ त्यांना पटलं असा मी घेतला. ते थकले होते, असाही घेता आला असता.

पण मग काहीच बदलायचं नाही का? तसंही मला वाटत नाही. त्याच दुकानात बारावी झालेली एक मुलगी नव्याने कामाला लागली होती. माझी स्क्रीन ती दोन दिवसांत शिकली. जुनी निळी पाटी तिला महिनाभर छळत राहिली असती. काकांच्या सवयीचं रक्षण करायचं म्हणून येणाऱ्या प्रत्येक नवख्याला ती पाटी पाठ करायला लावणं हाही अन्यायच. शिवाय जुनं सॉफ्टवेअर जिवंत ठेवायला माणसं लागतात, पैसा लागतो, त्यातली सुरक्षेची भोकं बुजवत बसावं लागतं. म्हणून सवय हा नकाराधिकार नाही. पण ती एक बाकी आहे, आणि हिशोबाच्या वहीत ती दिसली पाहिजे.

ही बाकी फेडण्याचे मार्ग असतात, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. २०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ७ मधल्या सरकत्या, झेपावत्या पडद्यांनी काहींना चक्कर यायला लागली, तेव्हा महिन्याभरात अपडेट आला आणि ती हालचाल बऱ्याच अंशी बंद करता येऊ लागली. लिनक्सच्या जगात २०११ मध्ये ग्नोम ३ ने जुना डेस्कटॉप मोडीत काढला, तेव्हा एका वापरकर्त्याने ग्नोम २चा कोड उचलून ‘माटे’ नावाने पुढे चालू ठेवला. कोड मुक्त होता म्हणून हे जमलं. २०२५ मध्ये आयओएस २६चा काचेसारखा पारदर्शक पडदा आला, अक्षरं वाचता येत नाहीत अशी ओरड झाली, आणि पुढच्याच मोठ्या अपडेटमध्ये काच गडद करायचा पर्याय आला. ‘वाचता येत नाही’ म्हणणारी ही माणसं बदलाला घाबरलेली नव्हती. ती एक साधी वस्तुस्थिती सांगत होती. अडचण एवढीच, की पहिल्या आठवड्यात ‘नवीन आहे म्हणून नको’ आणि ‘खरंच जमत नाही’ या दोन्ही तक्रारी एकाच आवाजात येतात. त्या वेगळ्या करायच्या तर जवळ जाऊन बसावं लागतं. आलेख ते करून देत नाही.

पुण्याला परतल्यावर मी जुन्या कळा नव्या स्क्रीनवर चालतील अशी सोय लिहिली. एफ-२ला नवं बिल, तीन अक्षरं, एंटर, नग, एंटर. तीन दिवसांचं काम होतं. पहिल्याच वेळी करता आलं असतं. ते मंजूर होऊन दुकानांपर्यंत पोचायला मात्र आठ महिने गेले, कारण तक्रारींचा आलेख शून्याजवळ होता आणि हे कशाला हवंय ते कुणाला कळत नव्हतं.

पोचलं त्या दिवशी मी काकांना स्वतः फोन केला. सेटिंग्जमध्ये कुठे जायचं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं केलंसा साहेब,” ते म्हणाले. “पण आता राहू द्या. मोडली ती सवय. परत कोण शिकतंय?”

मागे कुणीतरी चिठ्ठीतल्या गोळ्यांचं काहीतरी विचारत होतं. “थांबा हं जरा,” ते त्याला म्हणाले, आणि फोनवर मला माउसच्या क्लिकचा आवाज ऐकू आला.