लाघव आणि गौरव

आपल्या भाषेने वजनाविषयी मोठी मौजेची व्यवस्था करून ठेवली आहे. जड ते गुरु, आणि त्या गुरूपासून गौरव. हलके ते लघु, आणि मनुष्य ‘हलका’ म्हटला की त्याची किंमत संपली! परंतु त्याच लघूपासून ‘लाघव’ हा शब्द निघाला, आणि तो मात्र स्तुतीचा ठरला. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. तेव्हा हलके होणे हा गुण की दोष, या प्रश्नाचा निकाल भाषेने दिलेला नाही. तो तिने आपल्यावर सोपविला आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी आज वाचकांस शर्यतीच्या मोटारीकडे नेणार आहे. कारण हलकेपणाची इतकी एकनिष्ठ उपासना अन्यत्र क्वचितच आढळेल.

मोटारीस अधिक जोरदार एंजिन बसविले तर ती सरळ रस्त्यावर वेग घेईल, इतकेच. परंतु तिचे वजन उतरविले तर ती वेग लवकर घेते, लवकर थांबते आणि वळणही चपळाईने घेते. एका त्यागाची ही तीन फळे! ‘लोटस’ मोटारींचा जनक कॉलिन चॅपमन याने आपली सारी कारकीर्द याच तत्त्वावर उभारली. पुढे कार्बन फायबर आले. केसाहूनही बारीक असे हे कार्बनचे तंतू रेझिनमध्ये बसवून केलेला पत्रा पोलादाच्या सुमारे एकपंचमांश घनतेचा असतो. त्याचे बॉनेट, त्याचे दरवाजे, त्याचे छप्पर. छप्पर तर विशेषेकरून, कारण उंचावरचे वजन मोटारीस वळणावर कलंडविते.

या उपासनेत एक गमतीचा विरोधाभास आहे. १९८७ साली फेरारी कंपनीने ‘एफ४०’ ही मोटार काढली. तिच्या अंगावर कार्बन आणि केव्हलार यांचे पत्रे होते. आत मात्र गालिचा नव्हता, आणि दार आतून उघडावयाचे ते दोरी ओढून. धनिकांनी अपार पैसा मोजला तो नसलेल्या गालिच्यासाठी! अपरिग्रहदेखील विकत मिळू लागला, असे म्हणून आपण हसू शकतो. तथापि हा विनोद निरुपद्रवी आहे. ज्याने गालिचा टाकला त्याचेच पाय उघड्या पत्र्यावर टेकले. खरा नैतिक प्रश्न उद्भवतो तो टाकणारा एक आणि भोगणारा दुसरा असतो तेव्हा.

१९६९ साली बार्सिलोना येथील शर्यतीत लोटसच्या दोन्ही मोटारींचे मागील पंख मोडले आणि दोन्ही आदळल्या. त्यांपैकी एकीचा चालक योखेन रिंट जखमी झाला. त्यानंतर त्याने चॅपमन यास पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, आपल्या मोटारी इतक्या वेगवान आहेत की त्यांचे सर्वांत दुबळे भाग बळकट करण्यासाठी थोडे वजन वाढले तरी आपण मागे पडणार नाही. पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर १९७० रोजी, मोंझा येथे सरावात रिंट मरण पावला. चाकांवरील भार कमी व्हावा म्हणून त्या मोटारीचे ब्रेक चाकांपासून काढून आत बसविले होते, आणि त्यामुळे मध्ये एक दांडा घालावा लागला होता. तोच दांडा तुटला. न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, चौकशीत मृत्यूचे कारण कडेच्या सदोष कठड्याकडे गेले, चॅपमन दोषमुक्त ठरला, आणि रिंटने स्वतःही सुरक्षापट्ट्यांपैकी मांड्यांमधले पट्टे बांधले नव्हते. परंतु ज्याच्या जिवावर बेतणार होते त्याने थोडे वजन मागितले होते, आणि किती वजन असावे हे ठरविणारा दुसराच होता, ही गोष्ट कोणत्याही निकालाने पुसली जात नाही.

आता त्याच मोंझाचा दुसरा प्रसंग पाहा. १९८१ साली जॉन बर्नार्ड याने मॅक्लारेनसाठी जी मोटार रचली, तिचा चालकाभोवतीचा सांगाडाच कार्बन फायबरचा होता. हे द्रव्य आघाताने चुरा होईल अशी पुष्कळांस शंका होती. त्या वर्षी मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसनची मोटार कठड्यावर अशी आदळली की एंजिन तुटून वेगळे पडले. वॉटसन मात्र सुखरूप बाहेर आला. जी मोटार हलकी, तीच अधिक बळकट ठरली!

याचे श्रेय केवळ द्रव्यास देणे चुकीचे होईल. कार्बनचा तंतू आपल्या लांबीच्या दिशेने बलवान असतो; आडव्या दिशेने तो दुबळाच. म्हणून भार कोठून कोठे जाणार हे आधी ओळखून त्याचे थर निरनिराळ्या दिशांनी रचावे लागतात. शिवाय पोलाद मोडण्यापूर्वी बहुधा वाकते, सूचना देते; हा पत्रा फारशी पूर्वसूचना न देता फुटतो. म्हणजे येथे हलकेपणा मिळतो तो भाराकडे दुर्लक्ष करून नव्हे, तर भाराचा अधिक सूक्ष्म विचार करून. एका लाघवाच्या मुळाशी ज्ञान असते. दुसऱ्याच्या मुळाशी केवळ उतावीळपणा. दुरून पाहता दोन्ही सारखीच दिसतात.

तरीही ज्ञानावर सर्वस्वी विसंबता येत नाही, कारण मोह ज्ञानी माणसासही होतो. फॉर्म्युला वनच्या नियमांत मोटारीचे किमान वजन ठरलेले असते. पण तेवढ्याने भागले नाही. मोटारीचे वजन उतरविता उतरविता गोष्ट चालकाच्या पोटावर आली आणि उंच चालक उपास करू लागले. अखेर २०१९ साली चालक आणि त्याचे आसन मिळून किमान ८० किलो भरले पाहिजे, कमी पडल्यास तेथेच वजन घालावे, असा नियम झाला. माणसाने जेवावे म्हणून नियम करावा लागतो, यावरून या उपासनेचा शेवट कोठे होतो ते दिसते.

आपले संसारही अलीकडे आटोपशीर होत आहेत. मानपान गेले, रुसवेफुगवे गेले. ते गालिच्याप्रमाणे गेले आणि बरेच झाले. परंतु वृद्धांची शुश्रूषा, आजाऱ्याजवळचे जागरण, ही वजने टाकली म्हणून नाहीशी होत नाहीत. ती कोणा एकट्या लेकीच्या, सुनेच्या किंवा मोलाने ठेवलेल्या बाईच्या खांद्यावर निमूटपणे जाऊन बसतात. आणि आपण मात्र किती मोकळे झालो म्हणून समाधान मानतो. त्या खांद्यानेही कधीतरी थोडे बळ मागितलेले असते. ते आपण ऐकलेले नसते.

अर्धी मात्रा वाचल्याचा वैयाकरणाचा आनंद खरा. पण तो अर्थ शाबूत असेल तरच. अर्थ बुडाला तर सूत्र लहान झाले असे कोणी म्हणत नाही. ते चुकले असेच म्हणतात.