अर्धा भाग आणि चार अष्टमांश

आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही पाच सूक्ष्म भूते ठरावीक प्रमाणात एकमेकांत मिसळतात आणि त्यातून स्थूल जग घडते, हा वेदान्तातला पंचीकरणाचा सिद्धान्त. विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त त्याचे गणित दिले आहे. प्रत्येक भूताचे दोन सारखे भाग करायचे, एक अर्धा तसाच ठेवायचा आणि दुसऱ्याचे चार वाटे करून ते उरलेल्या चार भूतांना द्यायचे. अशा रीतीने स्थूल पृथ्वीत निम्मी पृथ्वी असते आणि बाकीची चार भूते प्रत्येकी एक अष्टमांश. नाव मात्र ज्याचा वाटा मोठा त्याचे.

बीड जिल्ह्यात या विषयाचा एक विलक्षण दस्तऐवज आहे. आंबेजोगाईचे दत्तभक्त संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी पंचीकरण कागदावर न लिहिता कापडावर लिहिले. ती त्यांची ‘पासोडी’. सुमारे २४ हात लांब आणि अडीच हात रुंद कापडावर ओव्या आणि आकृत्या शेजारीशेजारी मांडलेल्या आहेत. सवा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ ज्यांच्या नावावर आहे, त्यांना शब्दांची टंचाई नव्हती. तरीही इथे त्यांनी आकृतीचा आधार घेतला. कोणत्या तत्त्वाचा कोणाशी काय संबंध, हे ओवीत एकामागून एक सांगावे लागते. कापडावर ते एका नजरेत येते. मात्र त्यासाठी प्रत्येक गोष्टीची जागा आधी ठरवावी लागते.

जागा ठरवण्याचा हाच प्रश्न आज त्याच जिल्ह्यात निराळ्या कापडावर येतो. गावोगावच्या हरिनाम सप्ताहांतली कीर्तने यूट्यूबवर थेट दाखवली जातात. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली मंडळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, फडाजवळच्या कोपीत, मोबाइलवर ती पाहू शकतात. अशा प्रक्षेपणासाठी सर्रास वापरले जाणारे एक मोफत सॉफ्टवेअर म्हणजे २०१२ साली सुरू झालेले ओबीएस स्टुडिओ. त्यात प्रत्येक कॅमेरा हा एक ‘सोर्स’, सोर्सची मांडणी म्हणजे ‘सीन’ आणि ज्यावर ती करायची तो कॅनव्हास, बहुधा १९२० बाय १०८० पिक्सेलचा. मापे डाव्या वरच्या कोपऱ्यापासून धरली जातात. आडवे माप उजवीकडे वाढते, उभे खाली.

माउसने ओढून सोर्स बसवला की तो जवळच्या कडेला आपोआप चिकटतो, पण दोन चौकटींत एखाद्या पिक्सेलची काळी रेघ राहू शकते. बाणाच्या कळीने एकेक पिक्सेल सरकवता येते. खरा भरवसा मात्र ‘एडिट ट्रान्सफॉर्म’च्या खिडकीत आकडे टाकण्याचाच. इथे हमखास होणारी एक चूक सांगण्याजोगी आहे. चित्र ‘अर्धे’ करायचे म्हणून लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या केल्या, की क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते.

पंचीकरणाचे प्रमाण या कॅनव्हासवर तंतोतंत बसते. डावीकडे ९६० बाय १०८० ची चौकट, म्हणजे निम्मे क्षेत्र. उजवीकडे ४८० बाय ५४० च्या चार, प्रत्येक बरोबर एक अष्टमांश. त्यांचे वरचे डावे कोपरे (९६०, ०), (१४४०, ०), (९६०, ५४०) आणि (१४४०, ५४०) या जागी येतात. पाचही चौकटींची लांबी-रुंदी ८ : ९ या एकाच प्रमाणात असल्याने पूर्ण आकाराच्या प्रत्येक कॅमेऱ्याला एकच क्रॉप पुरतो, डावीकडून ४८० आणि उजवीकडून ४८०. मग चार छोट्या चौकटींचे स्केल निम्मे करायचे, एवढेच. कीर्तनकार, मृदंग, टाळकरी, श्रोते आणि देव असे पाच कॅमेरे असतील तर पाच सीन होतात. प्रत्येकात एक जण निम्मा आणि चौघे अष्टमांशाने, आणि सीनचे नाव मोठ्या वाट्यावरून.

हे साम्य फार ताणू नये. भूतांचे मिश्रण आतून होते, पडद्यावरच्या चौकटी नुसत्या शेजारी बसतात. उभ्या धरलेल्या मोबाइलवर चित्राची रुंदी जेमतेम सात सेंटिमीटर भरते, म्हणजे अष्टमांशाची चौकट पावणेदोन बाय दोन सेंटिमीटरची. मृदंगावरची बोटे तिच्यात दिसणार नाहीत. पाच वाट्यांची मांडणी मंदिराच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर शोभेल. कोपीतल्या माणसासाठी एकच चौकट पूर्ण द्यावी. शिकवण ऐकणाऱ्याच्या अधिकारानुसार बदलते, असे वेदान्तही मानतो.

खरा तात्त्विक पेच पुढे आहे. अद्वैताच्या दृष्टीने सारी सृष्टी हा ब्रह्मावरचा अध्यारोप, म्हणजे त्याच्यावर चढवलेला आभास. सृष्टीची वर्णने जीवाला ऐक्याकडे नेण्याचा उपाय आहेत, भेद खरा नाही, असे गौडपादांनी मांडूक्यकारिकेत स्पष्ट केले आहे. मग जे शेवटी पुसायचे त्याचे अष्टमांशापर्यंत माप कशाला? एक उत्तर असे की मिथ्या म्हणजे अजिबात नसलेले नव्हे. व्यवहाराच्या पातळीवर त्याला स्वतःची शिस्त असते. दुसरे उत्तर अधिक वजनाचे वाटते. अध्यारोपानंतर अपवाद, म्हणजे चढवलेले काढून टाकणे, येतो आणि तो उलट क्रमाने चालतो: पृथ्वी आपात, आप तेजात, तेज वायूत, वायू आकाशात. कोण कोणावर रचले आहे हे चोख ठाऊक नसेल तर उकलायला सुरुवात कुठून करायची? ओबीएसमध्येही यादीत वर असलेला सोर्स खालच्याला झाकतो. क्रम ठाऊक नसलेला ऑपरेटर एक थर काढायला जातो आणि भलताच घालवून बसतो. म्हणजे काढून टाकण्यासाठीच रचनेची अचूकता लागते. पासोडीतल्या आकृत्यांमागे हेच प्रयोजन असावे असे मानायला जागा आहे.

वारकरी कीर्तनाला मात्र हा युक्तिवाद पुरत नाही. तिथे सगुण रूप हे पुसण्यासाठी मांडलेले नसते, त्याच्या पायांवर डोके ठेवायचे असते. परळीत वैजनाथाच्या लिंगाला हात लावून दर्शन घेता येते. पडदा हे देऊ शकत नाही, पण निदान पाय तरी दाखवू शकतो. चौकट पूर्ण भरावी म्हणून विठ्ठलाची मूर्ती मोठी केली की वर मुकुट आणि खाली विटेवरचे चरण कापले जातात. पाहणाऱ्या वारकऱ्याच्या लेखी ते दर्शन अपुरे. म्हणून देवाच्या सोर्सला ‘बाउंडिंग बॉक्स’ लावताना चौकट भरून टाकणारा पर्याय न घेता चित्र आत मावेल असा घ्यावा आणि कडेला उरणारी काळी पट्टी चालवून घ्यावी. कीर्तनकाराच्या चौकटीला बाजूंनी ४८० चा क्रॉप चालतो, देवाच्या चौकटीला खालून शून्यच ठेवावा लागतो.