भार आणि भरारी

केवळ आनंदासाठी माणसाने आपला जीव धोक्यात घालणे नीतीला धरून आहे काय? विमानविद्येच्या बाल्यावस्थेतच हा प्रश्न उभा राहिला होता. 9 सप्टेंबर 1913 रोजी कीव्ह शहरावरील आकाशात रशियन लष्करातील प्योत्र नेस्तेरोव्ह या तरुण वैमानिकाने आपले न्यूपोर विमान उभ्या वर्तुळात फिरविले आणि जगातील पहिली हवाई कोलांटी मारून तो सुखरूप खाली उतरला. बक्षीस म्हणून त्याच्या वाट्यास दहा दिवसांची अटक आली. आरोप काय, तर सरकारी मालमत्ता धोक्यात घातल्याचा! त्याच महिन्यात अदोल्फ पेगू या फ्रेंच वैमानिकाने तीच करामत करून दाखविली व त्याचा सर्वत्र जयजयकार झाला, तेव्हा कुठे नेस्तेरोव्हच्या वरिष्ठांचे मतपरिवर्तन होऊन त्याला बढती मिळाली. पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले. 8 सप्टेंबर 1914 रोजी त्याने आपले विमान एका ऑस्ट्रियन विमानावर नेऊन आदळले. दोन्ही विमानांतील माणसे मरण पावली. नेस्तेरोव्हला मरणोत्तर शौर्यपदक अर्पण करण्यात आले.

एकाच माणसाने वर्षभराच्या अंतराने दोनदा जीव पणाला लावला. पहिल्या खेपेस कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही, तरी तो अपराध ठरला. दुसऱ्या खेपेस माणसे मेली आणि तो पराक्रम ठरला. युद्धातील कर्तव्याला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आनंद ही इतकी क्षुल्लक गोष्ट आहे काय, की तिच्यापायी पत्करलेला धोका आपोआप उथळ ठरावा? नेस्तेरोव्हला निदान एक सिद्धान्त पडताळून पाहावयाचा होता. आज सुट्टीच्या दिवशी लहानसे विमान घेऊन आकाशात कोलांट्या मारणाऱ्या हौशी वैमानिकापाशी तेवढीही सबब नसते. त्याला त्यात आनंद वाटतो, एवढेच त्याचे उत्तर असते.

हा आनंद फुकट मिळत नाही. पृथ्वीवर उभे असताना आपणांवर जो भार असतो त्याला वैमानिक ‘एक जी’ म्हणतात. कोलांटीच्या प्रारंभी विमान वर खेचले जाते तेव्हा हा भार साडेतीन-चार जीपर्यंत चढतो. साठ किलो वजनाच्या माणसाला आपण दोनशे चाळीस किलोंचे झालो आहोत असे वाटते. गाल ओघळतात, हात उचलवत नाही, रक्त पायांकडे ओढले जाते आणि मेंदूपर्यंत ते चढविताना हृदयाची दमछाक होते. अशा वेळी आधी डोळे दगा देतात. रंग फिके पडतात, दृष्टी बोगद्यासारखी अरुंद होते, मग काळोख पसरतो. त्याही पलीकडे गेल्यास शुद्ध हरपते. पाय व पोट यांचे स्नायू आवळून आणि श्वास बेताने रोखून वैमानिक हे रक्त वर टिकवून धरतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भार हळूहळू वाढला तर डोळे आधी इशारा देतात. तो एकदम वाढला तर कोणताही इशारा न मिळता माणूस बेशुद्ध होऊ शकतो. घाई करणाऱ्यास शरीरही सावध करीत नाही.

आणि मग वर्तुळाचा माथा येतो. विमान उलटे, वेग मंद आणि अंगावरचा भार जवळजवळ नाहीसा झालेला. पृथ्वी डोक्यावर दिसते आणि देह पिसासारखा हलका होतो. हे हलकेपण चाखता येते ते केवळ आधी ओझे सोसलेल्यालाच, आणि खाली उतरताना तेच ओझे पुन्हा सोसावे लागते. लोक म्हणतात, उडणे म्हणजे भारातून सुटका. आम्हांस तसे वाटत नाही. भाराशी मैत्री करणे, हे या आनंदाचे मर्म होय. बॉब हूव्हर हे अमेरिकन वैमानिक विमान गोल फिरवीत असतानाच पेल्यात चहा ओतीत आणि थेंबही सांडत नसे. विमान उलटे झाले तरी चहाला ते कळू नये, इतका त्यांनी तो भार एक जीच्या आसपास राखलेला असे. सारे जग उलथेपालथे होत असताना पेला भरत राहावा, याहून संयमाचे सुंदर चित्र कोणते?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खेळात सद्गुण असू शकतो काय, असा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला आणि होकारार्थी उत्तर दिले. सदैव ताणलेले धनुष्य अखेर मोडते, ही जुनी गोष्ट त्यांनी त्यासाठी सांगितली. मात्र खेळाला त्यांनी तीन मर्यादा घातल्या: त्यात अश्लाघ्य वा अपायकारक काही नसावे, मनाचा तोल सर्वस्वी ढळू नये आणि तो व्यक्ती, काळ व स्थळ यांना साजेसा असावा. आमच्या मते या तीन मर्यादा विमानालाही तंतोतंत लागू पडतात.

पहिली मर्यादा अपायाची. 6 सप्टेंबर 1952 रोजी इंग्लंडमधील फार्नबरो येथील प्रदर्शनात एक जेट विमान वळण घेताना पडलेला ताण न सोसून हवेतच मोडले. त्यातील दोघांबरोबर एकोणतीस प्रेक्षकही मरण पावले. त्यानंतर तेथील नियम कडक झाले. आपल्या भरारीचे मोल दुसऱ्याच्या जिवाने चुकते होणार असेल, तर तो आनंद नव्हे, अन्याय होय. दुसरी मर्यादा मनाच्या तोलाची. चूक सावरता यावी म्हणून जाणता वैमानिक पुरेशी उंची हाताशी ठेवूनच कसरत करतो. टाळ्यांच्या मोहाने जमिनीजवळ येणारा ही शिल्लक उधळून टाकतो. तिसरी मर्यादा योग्यतेची. कसरतीच्या विमानांचा एक वर्ग अधिक सहा व उणे तीन जी एवढ्या भारासाठी बनविलेला असतो. साध्या विमानाकडून ती अपेक्षा करणे म्हणजे आत्मघात. देहाचेही तसेच आहे. ताप, जागरण, तहान किंवा मद्य यांनी शरीराची भार सोसण्याची शक्ती घटते. काल जमले ते आज जमेलच असे नाही, हे स्वतःशी कबूल करून विमान जमिनीवरच ठेवणे, यालाही धैर्य लागते.

वाचकहो, कोणी म्हणेल, घरी वाट पाहणारी माणसे असताना हा खटाटोप हवाच कशाला? हा आक्षेप खरा आहे आणि तो कायम मनात जागता राहिला पाहिजे. आपला जीव हा केवळ आपला नसतो. म्हणून ज्याला घराची आठवण नाही त्याने आकाशात कोलांट्या मारू नयेत. परंतु आपल्या घरांतून दुसरेही एक वाक्य वारंवार ऐकू येते: “याचा उपयोग काय?” पोहणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या, वाद्य शिकू पाहणाऱ्या मुलाला आपण हा प्रश्न विचारतो आणि उपयोग दिसला नाही की त्याची दांडी खाली ओढतो. त्याने विचारायला शिकावे असे प्रश्न निराळेच आहेत: यात माझ्या शिस्तीचा कस लागतो काय? कोणाच्या माथ्यावर तर मी उडत नाही ना? परतण्यापुरती उंची माझ्यापाशी आहे ना? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे जो देऊ शकतो, त्याच्या आनंदाला उपयोगाचा दाखला मागण्याचे कारण नाही.