यज्ञीय देश आणि सोलापूरचा माळ

एखादा देश धर्माचरणास योग्य आहे किंवा नाही, हे कशावरून ठरवावे? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात या प्रश्नाचे जे उत्तर येते, ते प्रारंभी एखाद्या मोजणी-कामगाराच्या शिस्तीने येते: सरस्वती आणि दृषद्वती या नद्यांमधला ब्रह्मावर्त, त्याला लागून कुरुक्षेत्रादी देश, हिमालय आणि विंध्य यांच्यामधला मध्यदेश, आणि अखेरीस पूर्व व पश्चिम समुद्रांपर्यंत पसरलेला आर्यावर्त, अशा चतुःसीमा एकामागून एक आखल्या जातात. परंतु ही हद्दनिश्चिती पुरी होते न होते तोच स्मृतिकार मोजणीची साखळी खाली ठेवतो आणि एक अगदी निराळीच कसोटी सांगतो. कृष्णसार मृग जेथे आपल्या स्वभावाने संचार करतो तो देश यज्ञाला योग्य, आणि त्यापलीकडचा तो म्लेच्छदेश. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायाचा आरंभही याच मृगाला साक्षी ठेवून होतो. ज्या देशात कृष्णमृग आहे त्या देशातील धर्म ऐका, अशी तेथे प्रस्तावना आहे.

या दोन कसोट्या परस्परांशी जुळत नाहीत, ही गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे. पहिल्या मापाने पाहिले तर भीमा-सीनेच्या खोऱ्यात वसलेले आमचे सोलापूर विंध्याच्या कितीतरी दक्षिणेस, म्हणजे आर्यावर्ताच्या हद्दीबाहेर पडते. दुसऱ्या मापाने पाहिले तर सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नजचा तो उजाड, मुरमाड, कुसळी गवताने पिवळा पडलेला माळ निःसंशय यज्ञीय देश ठरतो, कारण कृष्णसार म्हणजे आपला काळवीट आणि तो तेथे पूर्वापार वहिवाटीने राहत आला आहे. पर्वतांनी नाकारलेली भूमी एका तृणभक्षक प्राण्याने पदरात घ्यावी, हा न्याय मला मोठा मनोहर वाटतो. श्लोकाच्या उत्तरार्धातील म्लेच्छदेशाची तुच्छता मात्र मला स्वीकारता येत नाही. आणि भाष्यकार मेधातिथीलाही ती फारशी पचलेली दिसत नाही, कारण भूमी ही स्वतः दुष्ट नसते, ती संसर्गानेच दूषित होते, असे त्याने तेथे बजावून ठेवले आहे.

हा मृग अरण्यातला नव्हे. अरण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सांबर आणि चितळ येतात. त्यांची शिंगे फांद्यांसारखी फुटतात, दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय ही मंडळी निराळ्या कुळातली. त्यांची शिंगे आतल्या हाडावर चढविलेल्या पोकळ म्यानासारखी असून ती जन्मभर टिकतात, आणि त्यांचे कुळ गाय, शेळी व मेंढी यांचेच आहे. यज्ञात ज्यांचा बळी दिला जाई त्या ग्राम्य पशूंचा हा वन्य भाऊबंद, हे नाते प्राचीनांना ठाऊक असेल वा नसेल, पण ते आहे. यांपैकी चौशिंगा झाडीचा आसरा धरून बहुधा एकटाच राहतो. चिंकारा दोन-चारांच्या लहान टोळीत हिंडतो, पाल्यातील ओलाव्यावर दीर्घकाळ निभावतो, आणि त्याच्या मादीलाही बारीक शिंगे असतात. काळवीट मात्र मोकळ्या माळाचा आणि मोठ्या कळपाचा प्राणी आहे. दाट झाडीत त्याचा जीव गुदमरतो, कारण त्याचे सारे संरक्षण दूरवर पोहोचणाऱ्या दृष्टीत आणि पायांच्या वेगात आहे. संकटाची चाहूल लागताच एखादी मादी उंच उडी घेते, तिच्यामागून दुसरी, मग तिसरी, आणि मग सबंध कळप उधळतो. आज नान्नजच्या माळावर त्यांच्या मागावर असतो तो लांडगा; चित्ता आपल्या देशातून विसाव्या शतकाच्या मध्यास नाहीसा झाला, आणि कोल्हापूर दरबारचे चित्तेवान पाळीव चित्ते काळविटांवर सोडीत, ती शिकारही दरबाराबरोबरच संपली.

त्यांच्या समाजाची रचना पाहताना, आपल्या राजनीतीच्या कल्पना तिच्यावर लादण्याचा मोह आवरणे कठीण जाते. माद्या आणि पाडसे यांचे कळप वेगळे, तरुण नरांच्या टोळ्या वेगळ्या, आणि पूर्ण वाढ होऊन अंगावर काळा रंग चढलेला, पिळाच्या शिंगांचा नर यांपासूनही वेगळा, आपल्या ताब्यातील जमिनीच्या तुकड्यावर एकटा उभा. तो एकाच ठिकाणी पुनःपुन्हा लेंड्या टाकून हद्दीची निशाणी करतो, डोळ्यांखालच्या ग्रंथींचा गंध काड्यांना आणि गवताला फासतो, मान वर करून शिंगे पाठीवर टेकवीत मोठ्या ऐटीने चालतो आणि शेजाऱ्याशी शिंगाला शिंग भिडवितो. भावनगरनजीकच्या वेळावदरच्या गवताळ प्रदेशात असे कित्येक नर एकमेकांना खेटून इवलीइवलीशी ठाणी मांडतात. त्या ठाण्यांत ना मुबलक चारा असतो ना पाणी, आणि ज्या जागेच्या मालकीत काही उत्पन्न नाही तिच्यासाठी हा जीव चरणे विसरून झुंजत राहतो. माद्या तेथे येतात, पाहतात, निवडतात आणि निघून जातात. याला राजा म्हणावे, तर त्याची प्रजा त्याच्या आज्ञेत नाही. लंपट म्हणावे, तर निवड त्याच्या हाती नाही. प्राण्यांच्या वर्तनातून नीतिपाठ काढणाऱ्यांची आपल्याकडे पंचतंत्रापासून थोर परंपरा आहे, आणि तिचा मला आदर आहे. तथापि काळविटाच्या बाबतीत तिचा उपयोग होत नाही, असेच मला वाटते. तो धार्मिक नाही आणि अधार्मिकही नाही. मग शास्त्राने धर्मभूमीची साक्ष नेमकी त्याचीच का काढावी?

शतपथ ब्राह्मणात एक कथा आहे, तिच्यात या प्रश्नाचे उत्तर दडले असावे. यज्ञ देवांच्या हातून निसटला आणि कृष्णमृगाचे रूप घेऊन हिंडू लागला. देवांना तो सापडला तेव्हा त्यांनी त्याचे कातडे सोलून आणले, आणि त्या कातड्यावरील पांढऱ्या व काळ्या केसांत ऋचा आणि सामे पाहिली. यज्ञमंडपात अंथरले जाणारे, ब्रह्मचाऱ्याच्या खांद्यावर येणारे, योग्याच्या आसनात घातले जाणारे कृष्णाजिन ते हेच. कथेचा रूढ अर्थ कृष्णाजिनाच्या महत्तेकडे बोट दाखवितो. मला ती उलट्या बाजूने वाचावीशी वाटते. देवांच्या हाती लागले ते कातडे. पळाला तो यज्ञ. जे आपल्या कह्यात येत नाही, आपल्या उपयोगासाठी जन्मलेले नाही, आपल्यापासून दूर आपल्या छंदाने हिंडत असते, अशा काहीतरी वस्तूला एखाद्या देशात जागा उरली आहे काय, एवढेच स्मृतिकाराची कसोटी विचारते, असा माझा तर्क आहे. म्हणूनच मृगाने स्वभावतः संचार करावा ही अट तेथे घातलेली आहे. नाहीतर शिकारीच्या शौकापायी हा प्राणी अमेरिकेतील टेक्सासात आणि अर्जेंटिनात नेऊन सोडला गेला आणि तेथे आज त्याचे हजारोंचे कळप चरतात, म्हणून त्या मुलखांत अग्निहोत्रे मांडण्यास शास्त्राची मुभा आहे, असेही कोणी प्रतिपादन करील.

भूमी पवित्र करण्याची आणखी एक रीत सोलापूरकरांना परिचयाची आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी येथे तलाव खोदविला, नगराभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, आणि मकरसंक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज त्या लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात, तेव्हा सबंध शहराची हद्द जणू पुन्हा एकदा भक्तीने आखली जाते. ही कर्मयोग्याची रीत: घाम गाळून, दगड वाहून, पाणी अडवून भूमीला तीर्थ करावे. तिच्याविषयी माझ्या मनात अपार पूज्यभाव आहे. अवर्षणाच्या या मुलखात, जेथे वर्षाकाठी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तलाव खोदण्याइतके पुण्यकर्म दुसरे कोणते? परंतु कृष्णसाराची रीत हिच्याहून भिन्न आहे. तीत काही करावयाचे नसून काही करण्याचे थांबवावयाचे असते, आणि करण्यापेक्षा थांबणे मनुष्याला नेहमीच जड गेले आहे.

आमच्या माळाचे गेल्या दीडशे वर्षांतील दुर्दैव या थांबता न येण्यातच आहे. महसुली दफ्तरात ज्याला सारा लागत नाही ते पडीक, पोटखराबा. इंग्रजी अंमलातील जमाबंदीने गवताळ जमिनीला निरुपयोगी ठरविले आणि स्वराज्यातील कारकुनांनी तोच शेरा पुढे चालविला. भीमेवर उजनीचे धरण झाले, कालव्याच्या पाण्याने ऊस आला, आणि ज्या माळाला पाणी पोहोचले नाही त्यावर परोपकारबुद्धीने वृक्षारोपण झाले. सुबाभूळ आणि गिरिपुष्पाच्या त्या रांगा लावणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता, यात शंका नाही. पण मोकळ्या दृष्टीवर जगणाऱ्या काळविटाला आणि माळढोक पक्ष्याला त्या रांगा म्हणजे भिंतीच. झाड लावणे हे सर्वत्र आणि सर्वकाळ पुण्य, हा आपला समज पुनर्विचारास पात्र आहे.

दयेचेही तसेच. भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरत राजा राज्य त्यागून गंडकीच्या तीरी तप करीत असता, सिंहाच्या गर्जनेने भ्यालेली गर्भिणी हरिणी प्रवाह ओलांडताना प्रसवते आणि मरते. भरत ते पाडस उचलून आश्रमात आणतो, त्याच्या लळ्यात जप-तप विसरतो, अंतकाळी त्याचेच चिंतन करतो आणि पुढील जन्मी मृग होतो. कीर्तनकार या कथेतून आसक्तीचा निषेध करतात, तो यथार्थच आहे. पण कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती माळावरच कळते. काळविटाची मादी व्याल्यानंतर पाडसाला काही दिवस गवतात दडवून ठेवते, स्वतः दूर चरते आणि पाजण्यापुरती परतते. निश्चल पडून राहणे हाच त्या कोवळ्या जीवाचा बचाव असतो. कोणी दयाळू वाटसरू ते एकटे पाडस पाहतो, अनाथ समजून घरी नेतो, बाटलीने दूध पाजतो, आणि जिवंत आईच्या लेकराला पोरके करतो. भरताचे पाडस खरोखरीच अनाथ होते, म्हणून त्याच्या दयेला दोष देता येत नाही. पण ते पाडस कळपाकडे परत जावे यासाठी भरत कधी व्याकुळ झाला होता काय? त्याची व्याकुळता ते आपल्या नजरेआड होऊ नये यासाठी होती. अहिंसेत आणि ममतेत हे अंतर आहे. अहिंसा प्राण्याला दुरून सोसते, ममता त्याला दाराशी बांधते.

आणि ज्यांना आपण हिंसक म्हणून ओळखतो त्यांचे काय? फासेपारधी हा काळविटाला फास लावून जगणारा समाज. शिकविलेल्या जनावराच्या आडून कळपाजवळ सरकण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या जमातींचा अभ्यास केला, तेव्हा नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांनी शिकारीचे प्राणी आपसांत वाटून घेतले असल्याचे त्यांना आढळले. आणि फासात सापडलेली गाभण मादी किंवा पाडस सोडून देण्याची रीत फासेपारध्यांत होती, असे गाडगीळांनी नमूद केले आहे. ज्यांच्या मारण्यालाही मर्यादा होती त्यांना १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मतः गुन्हेगार ठरविले. पुढे अशा जमातींना सोलापूरच्या सेटलमेंटात काटेरी कुंपणाआड ठेवले गेले, ते कुंपण १९५२ साली कायदा रद्द होईपर्यंत सुटले नाही. बंदुकीचा परवाना आणि मोटारीचे दिवे घेऊन माळ रिता करणाऱ्या प्रतिष्ठितांना असा शिक्का कधी लागला नाही. म्लेच्छ कोणाला म्हणावयाचे, हा प्रश्न मनुस्मृतीच्या त्या श्लोकाला अद्याप चिकटून आहे.

राहता राहिला शेतकरी, आणि या विषयावर लिहिणारे बहुतेक जण त्याला जेथे विसरतात तेथेच खरा धर्मविचार सुरू होतो. काळवीट गवत खातो तशीच कोवळी ज्वारी आणि हरभराही खातो. त्याला सातबारा वाचता येत नाही. १९७९ साली याच मुलखात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरांचे. गावेच्या गावे, शहरांचे भाग, खाजगी जमिनी, सारे त्यात आले, आणि हद्दीतील खातेदाराला स्वतःच्याच जमिनीचा व्यवहार करणे जिकिरीचे झाले. पुढे ते क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० पासून आहे, ते अवघे २.१७ चौरस किलोमीटरांचे. तेथील कळप हद्दीबाहेर शेतांत उतरतो, कारण एवढ्या आवारात स्वभावतः संचार कसला होणार? एकीकडे कागदावर अफाट आणि दुसरीकडे जमिनीवर चिमूटभर, या दोन्ही टोकांना भार शेवटी कोरडवाहू शेतकऱ्यानेच वाहिला. पुण्य सर्वांचे आणि खर्च एकट्याचा, ही व्यवस्था कोणत्याही स्मृतीत बसत नाही.

या खर्चाची तोड आपल्या जुन्या राज्यव्यवहारात आहे, आणि ती कोणी सुचवीत नाही याचे मला नवल वाटते. देवाच्या नैवेद्याचा आणि नंदादीपाचा खर्च भागावा म्हणून देवस्थानांना इनामे दिली जात, गावचा महसूल तोडून दिला जाई, वर्षासने बांधून दिली जात. दरवर्षी पुजाऱ्याने तेल संपल्याचा पंचनामा करून आणावा, अशी अट कोणी घातली नव्हती. आज काळविटाने पीक खाल्ले तर भरपाईची तरतूद आहे खरी, पण ती अर्ज, पाहणी, पंचनामा आणि हेलपाटे यांच्या वाटेने येते, आणि येईतो पुढची पेरणी उलटून जाते. त्याऐवजी माळाला लागून असलेल्या शेतांना, हेक्टरी ठरीव रकमेचे, पेरणीपूर्वीच हाती पडणारे वर्षासन मृगाच्या नावे बांधून द्यावे. गवताळ जमीन न नांगरता राखणाऱ्यास ते अधिक द्यावे. आणि त्याचा बोजा उजनीचे पाणी घेणाऱ्या बागायतीने व माळावर सहलीला जाणाऱ्या शहराने उचलावा. बिनकठड्याच्या विहिरीत रात्री धावते काळवीट पडून मरतात, तेव्हा त्या विहिरी बांधून काढण्याचा खर्चही याच खात्यावर टाकावा.