मजुरी तिकडची, हवा इकडची

फाल्गुन लागला की डहीकडे येणाऱ्या गाड्या भरून येतात आणि परतताना रिकाम्या जातात. एरवी बहुतेक वर्षभर याच्या उलट चालतं. टपावर गोधड्यांची गाठोडी, प्लास्टिकचे ड्रम, ताडपत्रीत गुंडाळलेली भांडी, क्वचित एखादा नवा पंखा. होळीआधीचा आठवडा भगोरियाच्या जत्रांचा. ज्या गावचा बाजार ज्या वारी, त्या वारी तिथला भगोरिया. मांदळाचा ढोल वाजायच्या आत पोचायचं म्हणून सुरत, राजकोट, बडोद्याच्या बांधकामांवरची माणसं ठेकेदाराशी हुज्जत घालतात आणि वेळ पडल्यास चार दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडून निघतात.

डही हे धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं तहसिलीचं गाव. दक्षिणेला नर्मदा, पश्चिमेला अलीराजपूर, त्यापुढे गुजरात. वस्ती मुख्यतः भिल्ल आणि भिलाला समाजाची. जमीन उताराची आणि थोडी. मका, कापूस, तूर आभाळाकडे बघून. धारला पवारांचं राज्य होतं, दरबार मराठी होता, पण डहीच्या बाजारात मराठी कानावर पडत नाही. तिथे भिली आणि निमाडीचं राज्य. तरी मराठी वाचकाला हे गाव परकं वाटू नये. बीडहून कोयता घेऊन निघणारी बिऱ्हाडं आणि धडगाव-अक्कलकुव्याहून गुजरातेत उतरणारी माणसं त्यानं पाहिलेली असतात.

जुन्या मराठीत ‘परदेश’ म्हणजे समुद्रापलीकडचाच मुलूख, असं काही नव्हतं. पेशवाईत उत्तरेकडून पुण्यात आलेल्या शिपायांना ‘परदेशी’च म्हणत. आपला मुलूख सुटला की परदेश. त्या अर्थानं डहीचा परदेश छोटा उदेपूरपाशी सुरू होतो, आणि तिथं जावं की नाही याचा हिशेब डहीत दरसाल मांडला जातो. इंदूर-देवासच्या मराठी घरांत तोच हिशेब हल्ली लॅपटॉपवर, रंगीत रकान्यांत मांडतात. मुलाला सिडनीची नोकरी चालून आली आहे, सुनेला ऑकलंड बरं वाटतंय. पहिला रकाना पगाराचा, दुसरा खर्चाचा. तिसऱ्याला नीटसं नावच नाही. कुणी त्याला ‘लाइफस्टाइल’ म्हणतं, कुणी ‘मोकळी हवा’: समुद्र, डोंगर, सायकलचे रस्ते, पाच वाजता सुटणारं ऑफिस.

पहिला रकाना दोघांनाही सारखाच चकवू पाहतो. २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी मध्य प्रदेशात दिवसाला २६१ रुपये आणि गुजरातेत २८८ रुपये ठरली. फरक २७ रुपयांचा. एवढ्यासाठी कुणी बायकापोरांसह घर सोडत नाही. डहीचा माणूस गुजरातेत जातो तो तिथे बांधकामावर याहून बरीच जास्त मजुरी मिळते म्हणून, आणि त्याहीपेक्षा काम सलग मिळतं म्हणून. नवरा-बायको दोघांना, महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस. दर महत्त्वाचा खराच, पण दराला गुणायचं असतं दिवसांनी, आणि गावात दिवसच सापडत नाहीत. लॅपटॉपवाल्यांनाही हे कळतं, फक्त उशिरा. वार्षिक पॅकेजचा आकडा डोळ्यांत भरतो. करार किती महिन्यांचा, नोकरी सुटली तर व्हिसाचं काय, हे तळटिपेत असतं.

आता दुसरा रकाना. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२५ पासून किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं. रुपयांत तेराशेच्या वर. म्हणजे तिथला एक तास डहीतल्या रोजगार हमीच्या पाच दिवसांएवढा. हा गुणाकार ऐकून कुणाचंही डोकं गरगरावं. पण ३८ तासांच्या आठवड्याचे होतात ९४८ डॉलर, आणि सिडनीत साध्या फ्लॅटचं भाडं आठवड्याला सातशेच्या आसपास आहे. (तिथे भाडं महिन्याचं नव्हे, आठवड्याचं सांगतात. नवख्या मराठी माणसाला पहिल्या दिवशी घर स्वस्त वाटतं, ते त्यामुळे.) किमान वेतनावरचा माणूस तिथे एकटा फ्लॅट घेऊन राहू शकत नाही, तो खोली वाटून घेतो. इंजिनिअरचा पगार याच्या दुप्पट-तिप्पट असतो, पण लहान मूल असेल तर पाळणाघर त्यातला मोठा लचका तोडतं.

अर्थशास्त्रज्ञ या भानगडीला क्रयशक्तीची तुलना म्हणतात. ‘द इकॉनॉमिस्ट’नं १९८६ मध्ये गमतीगमतीत बर्गरच्या किमतीवरून चलनं मोजायला सुरुवात केली, आणि भारतात त्या बर्गरमध्ये बीफ नसल्यानं इथे कोंबडीच्या बर्गरवर भागवावं लागलं. जागतिक बँकेचा हिशेब जास्त गंभीर आहे. अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं, ते भारतात साधारण वीस रुपयांत मिळतं. बाजारात मात्र डॉलरला ऐंशीच्या वर रुपये मोजावे लागतात. म्हणजे डॉलर अमेरिकेत मिळवून भारतात खर्चला, तर तो चौपट चालतो. अमेरिकेत मिळवून अमेरिकेतच खर्चला, तर डॉलर म्हणजे डॉलरच.

खरी गोम इथे आहे. किती मिळतं यापेक्षा कमावायचं कुठे आणि खर्चायचं कुठे, हा प्रश्न मोठा. डहीचा मजूर हे कुठल्याही वाणिज्य शाखेच्या पदवीधराहून चांगलं जाणतो. तो गुजरातेत कमावतो आणि तिथे जवळजवळ काही खर्चत नाही. इमारतीच्या पायथ्याशी ताडपत्रीखाली राहतो, मक्याचं पीठ घरून नेतो. पैसा खर्ची पडतो तो डहीत: सावकाराकडे गहाण पडलेली चांदी सोडवायला, दाप्याला म्हणजे वधूमूल्याला, घराच्या कवेलूंना, नोतऱ्याला. नोतरा ही भिल्लांची भिशीच म्हणायची. ज्याच्या घरी कार्य त्यानं बोलावायचं, आलेल्यानं पैसे द्यायचे, आणि देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की ते वाढवून परत करायचे. आखातात राबणारा कोकणी माणूसही याच जातीचा. त्याची खोली दुबईत, घर रत्नागिरीत. सिडनीला कायमचं जाणारं कुटुंब मात्र वेगळं. ते कमावतं तिथेच खर्चतं. चौपटीचा फायदा त्याला फक्त एका ठिकाणी दिसतो: देवासला आईवडिलांच्या औषधपाण्याला पैसे पाठवताना.

मग ते कुटुंब जातं कशाला? तिसऱ्या रकान्यासाठी. आणि तिसऱ्या रकान्याची अडचण अशी, की पैसा एकीकडे मिळवून दुसरीकडे पाठवता येतो, हवा पाठवता येत नाही. ती जिथे आहे तिथेच, जिवंत असताना, वेळ काढून घ्यावी लागते. न्यूझीलंडचे डोंगर मनिऑर्डरनं देवासला येत नाहीत. डहीची पहाट सुरतेतल्या स्लॅबवर पोचत नाही.

न्यूझीलंडचंच बघा. देशाची सुमारे एकतृतीयांश जमीन तिथल्या संवर्धन खात्याकडे आहे. रानात मुक्कामाच्या शेकडो झोपड्या आहेत, ५३.५ किलोमीटरच्या मिलफर्ड ट्रॅकसाठी लोक कित्येक महिने आधी नोंदणी करतात. मोकळ्या हवेचा रकाना इतका भरगच्च असलेला देश शोधून सापडायचा नाही. आणि तिथलेच नागरिक दरसाल हजारोंनी शेजारच्या ऑस्ट्रेलियात जातात. १९७३ पासून त्यांना तिथे राहायला-काम करायला मोकळीक आहे, आणि पगार तिथे जास्त आहेत. बर्फाच्छादित डोंगर, स्वच्छ नद्या मागे ठेवून ब्रिस्बेनच्या बांधकामावर जाणारा तरुण आणि डहीहून राजकोटला जाणारा तरुण यांच्यात अंतर फार आहे. पण दोघांच्या मनातला तराजू एकाच लोहाराकडचा वाटतो. सुंदर मुलुखाला माणसं गमवायची सवयच असते.

नॉर्वेत १९५७ पासून कायदाच आहे: मशागत नसलेल्या जमिनीवर, मग ती कुणाच्याही मालकीची असो, कुणीही पायी फिरावं, रात्रभर तंबू ठोकावा. उघड्यावरच्या या जगण्याला त्यांनी ‘फ्रिलुफ्त्सलिव्ह’ असा शब्द केला. इब्सेननं तो १८५९ मध्ये एका कवितेत वापरला होता. आपल्याकडे रानात जाण्याचा हक्क लिहिणारा कायदा यायला २००६ उजाडलं. वनहक्क कायदा. पण त्यात फिरण्याचा उल्लेख शोधू नये. तिथे आहेत कसलेल्या जमिनीचे पट्टे, मोहफुलं, तेंदूपानं, गुरचरण. उघड्यावर जगणं ही ऑस्लोची रविवारची चैन आहे, डहीचं ते पोट आहे. ताडावर चढून ताडी उतरवणारा, भल्या पहाटे मोहाखाली टोपली घेऊन वाकणारा, पुनवेच्या उजेडात मक्याची राखण करणारा माणूस चोवीस तास ‘आउटडोअर’ असतो. ही जीवनशैली आहे असं त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही एवढंच. म्हणून तो हवेला भाव लावत नाही, आणि म्हणूनच हवेचा सौदा त्याच्या गळ्यात वाईट पडतो.

किती वाईट, ते गोध्रा-बालासिनोरकडच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत दिसलं. अलीराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतले आदिवासी तिथे मजुरीला गेले. दगडाचं पीठ श्वासाबरोबर आत गेलं, आणि सिलिकोसिस घेऊन ते परतले. हा रोग बरा करणारा उपचार नाही. फुप्फुस हळूहळू कडक होत जातं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २३८ मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरात सरकारला ते देण्याचा आदेश दिला. तिसऱ्या रकान्यात आकडा पडला तो असा, माणूस गेल्यावर. मोकळ्या हवेला सिडनीतही बिल असतं म्हणा. तिथल्या उन्हात दर तीन ऑस्ट्रेलियनांपैकी दोघांना सत्तरीच्या आत त्वचेचा कर्करोग कुठल्या ना कुठल्या रूपात गाठतो असं सांगतात, आणि सदरा चढवा, मलम लावा, टोपी घाला हे त्यांना १९८१ पासून जाहिरातींतून शिकवावं लागलं. पण ते समुद्रकिनाऱ्यावरचं बिल आणि हे गारगोटीचं, ही दोन एका ओळीत लिहिताना हात अडखळायला हवा.

धार-देवासचे मराठी लोक स्वतःच कधीकाळी पगारासाठी मुलूख सोडून आले होते. अठराव्या शतकात पवारांच्या पाठोपाठ शिलेदार आले, मग फडणीस, कारकून, पुजारी, आचारी. देवासला तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पाती झाल्या, आणि एका गावात दोन दरबार म्हणजे नोकऱ्याही दुप्पट. थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खासगी चिटणीस म्हणून राहून गेला. परदेशी नोकरीचा ओघ एकाच दिशेनं वाहतो असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण या सगळ्या आलेल्या-गेलेल्यांत तिन्ही रकान्यांचा मेळ घातला तो एका गवयानं. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले तेव्हा चोविशीतही नव्हते. मुंबईत नाव झालेलं, आणि छातीत क्षय. कोरडी हवा हवी म्हणून माळवा. गाणं तर सोडाच, बोलणंही बेतानं, असे पाच-सहा वर्षांचे दिवस. त्या काळात घर चाललं ते पत्नी भानुमतीबाईंच्या शाळेतल्या नोकरीवर. हवेची किंमत कुणीतरी पगारातून मोजतच होतं, हे आठवणींच्या लेखांतून बहुधा ओझरतं येतं. ते ठळक यायला हवं. अंथरुणावर पडल्यापडल्या खिडकीतून माळवी बायकांची गाणी कानावर येत राहिली, आणि पुढे त्यांच्या संगीताला वेगळं वळण लागलं ते त्यातून. बरे झाल्यावर मुंबईला परतायला कुणाची आडकाठी नव्हती. ते परतले नाहीत. मैफिलीला मुंबई-पुण्याला, कलकत्त्याला जायचं, बिदागी घ्यायची आणि माताजीच्या टेकडीखालच्या ‘भानुकुल’ या घरी परत यायचं, असं १९९२ च्या जानेवारीपर्यंत चाललं. कमाई महानगरातली, खर्च देवासचा, हवाही देवासची. आता घरून काम करणारे जे समीकरण मोठ्या शोधासारखं सांगतात, ते क्षयानं एकच फुप्फुस उरलेल्या माणसानं तेव्हाच सोडवून ठेवलं होतं. अर्थात तेवढा गळा असावा लागतो. ज्याचं काम विटा वाहण्याचं, त्याला काम जिथे तिथेच देह न्यावा लागतो.

लॅपटॉपवरच्या हिशेबात आणखी एक रकाना असायला हवा आणि बहुधा नसतो: परत येण्याच्या खर्चाचा. विमानाच्या तिकिटाचा नव्हे. मुलं दहा वर्षांची झाली की त्यांची शाळा, भाषा, मित्र तिकडचे होतात; देवासच्या आजीला फोनवर ती इंग्रजीतून ख्यालीखुशाली विचारतात, आणि मग परतायचं म्हणजे दुसरं स्थलांतर. डहीवाल्यानं हा खर्च आपल्या हिशेबात आधीच धरलेला असतो. तो दरसाल परततो. बिऱ्हाड हलकं ठेवतो. परतीची तारीख त्यानं ठरवलेली नसते, पंचांगानं ठरवलेली असते.

काहींना मात्र परतायला जुनं गावच उरलं नाही. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, आणि धार जिल्ह्यात नर्मदेच्या काठावर निसरपूरसारखी गावं पाण्याखाली गेली. त्यांच्यापुढे तीन रकाने कुणी मांडलेच नव्हते.

भगोरिया संपतो, होळी पेटते, धुळवडीचा रंग धुवायच्या आत गाड्या पुन्हा भरू लागतात. नेमका तेव्हाच मोहाला बहर येतो. फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, आणि वाळवून बाजारात नेली तर किलोमागे काही रुपये मिळतात. ठेकेदाराचा फोन येतो: माणसं कमी आहेत, आजच निघा. काही घरं निघतात. काही घरांत असं ठरतं की त्यानं पुढे जावं, तिनं पोरांना घेऊन मोह संपेपर्यंत थांबावं, मग यावं. तो निघताना ती झाडाखालीच असते, टोपली अर्धी भरलेली, आणि बस सुटायला अजून तासभर असतो, म्हणून तोही पिशवी खाली ठेवून वेचायला वाकतो.