जिथे आहोत, तिथूनच



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६.

गेल्या वर्षी बाबा गेले आणि माझा रोजचा जप सुटला. आधी एक दिवस, मग आठवडा, मग चार महिने. पुन्हा बसावंसं वाटायचं, पण लाज वाटायची. एवढ्या दिवसांची बाकी कधी फेडणार?

त्याच सुमारास जर्मनीतल्या मावसभावाने व्हिडिओ कॉलवर घरात पाळलेल्या वाळवंटी मुंग्या दाखवल्या. काचेचं वारूळ, कापसाच्या बोळ्यामागे पाणी असलेली नळी, बाजूला वाळू आणि वर ऊब देणारा दिवा. दिवा लागला की लांब पायांच्या त्या मुंग्या सुसाट बाहेर! कॅटाग्लिफिस म्हणतात त्यांना.

"ताई, इथे यांना धावायला जागाच नाही गं," तो म्हणाला. "खरी गंमत ट्युनिशियातल्या खाऱ्या मैदानात."

तिथे ही मुंगी भर उन्हात एकटी निघते. खाणं शोधत वेडीवाकडी फिरते, कधी शंभर मीटरहून लांब जाते. उन्हाने मेलेला किडा सापडला, की आल्या वाटेने माघारी जात नाही. जिथे असेल तिथून सरळ घरी! दिशा आकाशातल्या उजेडावरून, अंतर पावलांवरून. २००६ साली संशोधकांनी परत निघालेल्या मुंग्यांच्या पायांना काड्या चिकटवून ते लांब केले. पावलं मोठी पडली आणि त्या घर ओलांडून पुढे गेल्या. म्हणजे भटकतानाही घराचा हिशोब चालूच असतो.

आता श्लोक पुन्हा वाचा. मन भटकलं म्हणून भगवंत रागावत नाहीत. ते चंचल आहे, हे धरूनच चालतात. जिथे गेलंय, तिथूनच वळवा, म्हणतात. हे 'तिथूनच' मला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं. मी मात्र चार महिने उलटं चालत जायला बघत होते.

आणि खरं सांगू? त्या चार महिन्यांत रात्री झोप लागली नाही, की ओठांवर विठ्ठलच यायचा. घराची दिशा सुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबांचीच माळ घेतली. एकच झाली, तीही रडत रडत. पण झाली.

तुमचंही काही सुटलं असेल. वाचन, एकादशी, संध्याकाळचा दिवा. मागचं मोजत बसू नका. लोकलमध्ये असा, ऑफिसच्या जिन्यात असा, तिथूनच आज एकदा नाव घ्या आणि वळा.

राम कृष्ण हरी!