चीक येतो का बघ

पाटसच्या बाजूला आमचा मळा आहे. उसाच्या कडेने बांधावर दोन लिंब, एक बाभूळ, आणि कुंपणावर बाराही महिने काही ना काही चढलेलं असतं. 2020 च्या पावसाळ्यात घरोघरी काढे उकळत होते. मीही कुंपणावरची एक वेल ओढून आणली. पान हृदयाच्या आकाराचं, म्हणजे गुळवेलच, अशी माझी खात्री. आत्याने पान खुडलं. देठातून पांढरा चीक आला.

"आरं, ही उतरण हाय. गुळवेलीला चीक नसतो." तिने वेल उकिरड्यावर टाकली आणि हात धुतले.

लहानपणापासून त्याच बांधावर वावरलो, पण मला एक पानाचा आकार तेवढा माहीत होता. त्यानंतर मी थांबून बघायला लागलो. उतरण रुईच्या गोतातली. तिची पानं समोरासमोर जोडीने येतात, त्यांवर लव असते, चोळली की उग्र वास येतो, फळावर मऊ काटे असतात. गुळवेलीचं पान गुळगुळीत, एकाआड एक; देठ लांब आणि बुडाशी जाडसर, किंचित पिळलेला. जून खोडाची साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवा रंग दिसतो. खोड आडवं कापलं की चाकाच्या आऱ्या.

म्हणूनच तिचं एक संस्कृत नाव चक्रलक्षणिका. दुसरं छिन्नरुहा, तोडली तरी वाढणारी. ही नावं ठेवणाऱ्यांनी वेल हातात घेऊन, कापून, पुन्हा रुजताना पाहिली असणार. मला या नावांविषयी फार आदर वाटतो. नावातच ओळख बांधून ठेवलेली आहे.

सख्ख्या नात्यातल्या वेलींनीही घोटाळा होतो. वासनवेल आणि पहाडवेल गुळवेलीच्याच कुळातल्या. वासनवेलीचं पान मखमली, पाण्यात चुरून ठेवलं की पाणी थिजतं. पहाडवेलीचा देठ पानाच्या काठाला न जुळता थोडा आत जुळतो.

2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या आणि यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी आयुष मंत्रालयाने सांगितलं, की गुळवेल सुरक्षित आहे, पण टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची बहीण अपाय करू शकते. त्या बहिणीच्या खोडावर ठळक गाठी असतात, फुलाला सहाऐवजी तीन पाकळ्या. रुग्णांच्या पोटात नेमकी कोणती वेल गेली, यावर वाद झाला. मला त्यात एक गोष्ट सारखी टोचते. कित्येकदा हाती वेल नसतेच, डबीतली भुकटी असते. भुकटीला ना पान, ना देठ, ना चीक. आत्या तरी काय खुडून बघणार? आणि नीट ओळखलेली वेलसुद्धा रोज पेलाभर प्यायची का, हे वैद्याला किंवा डॉक्टरला विचारूनच ठरवावं.

आमच्या दोन्ही लिंबांवर आता गुळवेल आहे. एकीला लाल फळांचे घोस येतात, दुसरीला कधीच नाही. बरीच वर्षं मी ती वेगळी वेल समजत होतो. गुळवेलीत नर वेल निराळी आणि मादी वेल निराळी, हे फार उशिरा समजलं. उन्हाळ्यात दोन्हींची पानं झडतात, नुसता दोरखंड उरतो आणि त्यावर बारीक पिवळसर फुलं येतात. पान नसताना तिला ओळखायला मी अजून शिकतो आहे.

यंदा बांध साफ करताना फळांची वेल बुडाशी तुटली. वाटलं, वाळणार. महिन्याभरात वरच्या फांदीवरून सुतळीसारखं एक मूळ लोंबू लागलं. आत्या रोज सकाळी चहा झाला की बांधावर जाते आणि ते जमिनीपासून किती वर राहिलं, हे वितीने मोजते. काल दोन विती होत्या.